दाराबाहेरची रेजीन आणि बस्त्यावमास्तर

फार वर्षांपूर्वी, सांडोळच्या खाडीवर पूल नव्हता आणि अलीकडून पलीकडे जायला ओहोटीची वाट बघावी लागत असे, तेव्हाची ही गोष्ट. गावात कौलारू देऊळ होतं. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. देवळाला लागून शाळेची एक खोली होती आणि त्या खोलीत बस्त्यावमास्तर मुलांना धर्म शिकवत.

फादर महिन्यातून एकदा होडीने येत. बाकीचे दिवस देवळाची घंटा, शाळा, मेलेल्यांची प्रार्थना, सगळं मास्तरांच्या अंगावर. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पहिल्या कम्युनियनची तयारी. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतर एका रविवारी ते पहिल्यांदा पवित्र भाकर घेई. त्याआधी त्याला 'आमच्या बापा' ही प्रार्थना यायला हवी, 'नमो मरिये' यायला हवं, दहा आज्ञा, सात संस्कार आणि श्रद्धेचा अंगीकार न अडखळता म्हणता यायला हवा. आदल्या शनिवारी मास्तर परीक्षा घेत. मास्तरांनी नाव घेतलं तर मूल रविवारी देवळात पुढे, नाही घेतलं तर मागे. फादरसुद्धा त्यांच्या यादीला हात लावत नसत.

मास्तर वाईट नव्हते. पहाटे सगळ्यांच्या आधी देवळात गुडघे टेकत. स्वतःच्या जेवणातलं अर्धं वाटून टाकत. पण त्यांच्या हातात चिंचेची छडी असे आणि ते म्हणत, "देवापुढे जायचं तर चूक घेऊन जायचं नाही." असं म्हणतात, त्यांच्या वर्गात माशीसुद्धा भिंतीवर बसून राही, उडत नसे.

त्या वर्गात रेजीन नावाची एक मुलगी होती. तिचा बाप कैतान मिठागरावर मीठ ओढायचा. रेजीन शांत होती, कामाची होती, पण मास्तरांपुढे उभी राहिली की तिचे शब्द घशात अडकत. 'आमच्या बापा' एवढं म्हणायची आणि ओठ नुसते हलत राहायचे. पहिल्या वर्षी मास्तरांनी तिला मागे ठेवलं. दुसऱ्या वर्षीही ठेवलं. तिच्या आईने कम्युनियनसाठी पांढरा झगा शिवला होता. दर वर्षी ती त्याची खालची घडी थोडी उसवायची आणि झगा लांब करायची. तिसऱ्या वर्षी उसवायला घडी उरली नाही.

त्या तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या शनिवारी रेजीन उशिरा आली. धावत आली. गुडघ्यापर्यंत तिचे पाय काळ्या चिखलाने माखले होते.

"कुठे होतीस?" मास्तरांनी विचारलं.

ती धापा टाकत दारात उभी राहिली.

"आज, या दिवशी, खाडीत खेळायला गेली होतीस?"

रेजीनने तोंड उघडलं. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. शब्द आला नाही. मास्तरांनी छडीने दाराकडे खूण केली. ती गेली.

संध्याकाळी कैतान मास्तरांच्या अंगणात आला. टोपी काढून हातात धरली. म्हणाला, "मास्तर, पोरीला सगळं येतं. घरी म्हणते ती. मी ऐकलंय."

मास्तर म्हणाले, "घरी येऊन काय उपयोग, कैतान? माझ्यापुढे यायला हवं."

कैतान टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला.

रविवारी तेरा मुलांनी पवित्र भाकर घेतली. मेणबत्त्या लागल्या, गाणी झाली, अंगणात वडे तळले गेले. ओहोटी लागली तसे फादर म्हणाले, "पलीकडे लुसमाय आहे ना? तिच्याकडे जाऊन येऊ."

लुसमाय ही म्हातारी खाडीपलीकडे तिवरांच्या झाडीत एकटी राहायची. तिला महारोग झाला होता. गावाने तिला झोपडी बांधून दिली होती आणि मग तिकडे जाणं सोडलं होतं. कोणी काठावर भाकरी ठेवी, कोणी ठेवायला विसरे. मास्तरही बारा वर्षांत तिकडे गेले नव्हते. पण फादर पवित्र भाकर घेऊन निघाले की पुढे घंटा वाजवत जाणं हे मास्तरांचं काम, म्हणून ते गेले. खाडीतल्या काळ्या चिखलात त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत बुडाले.

लुसमायने फादरांपुढे पापांची कबुली दिली. मग फादर म्हणाले, "माय, श्रद्धेचा अंगीकार आठवतो का? नसला तर मी म्हणतो, तू नुसती ऐक."

म्हातारीने झडलेल्या बोटांचे हात जोडले आणि सगळा अंगीकार म्हटला. पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत, एकदाही न अडखळता. मग न सांगताच 'नमो मरिये' म्हटलं, दहा आज्ञा म्हटल्या.

फादर चकित झाले. "कुठे शिकलीस?"

"मी कुठली शिकते, फादर? विसरून गेले होते सगळं. रेजीनने शिकवलं. कैतानची पोर. रोज ओहोटीला पेज घेऊन येते. मला पेज भरवते आणि प्रार्थना म्हणायला लावते. काल उशीर झाला तिला. माझ्या पायाची जखम फुटली होती, ती धूत बसली होती."

मास्तर दारातच उभे होते. लुसमाय त्यांच्याकडे वळून म्हणाली, "पोर सांगायची, मास्तरांपुढे शब्द येत नाहीत. मी म्हटलं, मग इथे कसे येतात गं? तर म्हणाली, माय, तुझ्या हातात छडी कुठे आहे?"

असं म्हणतात, मास्तरांच्या हातातली घंटा खाली चिखलात पडली. उचलली तेव्हा तिचा आवाज गेला होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण जुनी माणसं ती वगळत नसत, म्हणून मीही वगळत नाही. मास्तर तिथून थेट रेजीनच्या घरी गेले नाहीत. त्यांना लाज वाटली. फादर गावात होते, मुलांचे आईबाप जेवणावळीला बसले होते. त्या सगळ्यांदेखत कैतानच्या दारात कसं जायचं? ते मनाशी म्हणाले, फादर गेले की जाऊ. फादरांची होडी गेली. मास्तर कैतानच्या घरी पोचले तेव्हा दाराला दोरी बांधलेली होती आणि चूल गार होती. शेजारीण म्हणाली, "मिठाच्या मचव्यातून गेले, मास्तर. दुसऱ्या मिठागरावर काम बघतो म्हणाला. आत्ताच गेले. दिसतील तुम्हाला काठावरून."

मास्तर धावले. खाडी भरतीने तुडुंब होती आणि मचवा शीड उभारून मधोमध चालला होता. मास्तर कपड्यांनिशी पाण्यात शिरले. आणि असं म्हणतात, चढतं पाणी जागच्या जागी थांबलं. मग मास्तरांच्या पुढून ते मागे हटू लागलं. मधल्या धारेतसुद्धा मास्तरांच्या कमरेला पाणी लागलं नाही. ते हाका मारत चालत राहिले. खाडीने वाट दिली, पण वारा मचव्याच्या बाजूने होता. मचव्यावर पांढरं काहीतरी दिसत होतं, ते बारीक होत गेलं आणि मग समुद्रच उरला.

दुसऱ्या दिवसापासून लुसमायची पेज मास्तर नेऊ लागले. तिची जखम धुऊ लागले. असं म्हणतात, मास्तर खाडीत असले की भरती काठाशी थांबून राहायची. लुसमाय पुढच्या पावसाळ्यात गेली. तिला मूठमाती देऊन मास्तरांनी छडी मोडून चुलीत घातली, शाळेची किल्ली फादरांच्या हातात दिली आणि ते रेजीनला शोधायला निघाले.

किती वर्षं फिरले? कुणी अठरा सांगतं, कुणी बावीस. किनाऱ्याकिनाऱ्याने, मिठागरामागून मिठागर. प्रत्येक गावात विचारायचे, "कैतान नावाचा माणूस, त्याची रेजीन नावाची मुलगी?" माणसं नाही म्हणायची. मग मास्तर त्या गावात थोडे दिवस राहत आणि मुलांना धर्म शिकवत. मुलांना ओट्यावर बसवत आणि स्वतः खाली मातीत बसत. आधी शिकवत नसत. आधी मुलांना घेऊन गावातल्या आजाऱ्याकडे जात, पाणी भरून देत, आणि मग तिथेच बसून प्रार्थना म्हणत. एका गावात जन्मात न बोललेला मुलगा त्यांच्याजवळ बसून 'आमेन' म्हणाला, असं म्हणतात.

पण मास्तर स्वतः पवित्र भाकर घेत नसत. कुठल्याही देवळात गेले तरी मिस्सेची उपासना संपेपर्यंत दारात उभे राहत. एका म्हाताऱ्या फादरांनी त्यांना विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "बस्त्याव, तुझ्या उपासाने तिची भूक भागत नाही." मास्तर म्हणाले, "ठाऊक आहे, फादर. पण घास उतरत नाही."

शेवटी दक्षिणेकडच्या एका मिठागरावर त्यांना ती सापडली. दोन मुलांची आई झाली होती. डोक्यावर मिठाची पाटी होती. कैतान वारला होता. मास्तरांना तिने लगेच ओळखलं. पाटी उतरवली आणि पदराला हात पुसले.

मास्तर मिठातच खाली बसले. म्हणाले, "रेजीन, मी तुझं ऐकून न घेता तुला दाराबाहेर काढलं. मला माफ कर."

ती म्हणाली, "मास्तर, ते मी केव्हाच सोडून दिलं. उठा तुम्ही."

"मग पवित्र भाकर घेतेस ना तू?"

तिने पाटीच्या कडेला चिकटलेलं मीठ खरवडलं. मग म्हणाली, "रविवारी जाते मी देवळात. दारापर्यंत जाते. उंबऱ्याशी आलं की पाय आपोआप थांबतो. तुमच्यावर राग नाही, मास्तर. पाय थांबतो, त्याला मी काय करू?"

मास्तरांनी मान खाली घालून विचारलं, "मुलांना शिकवू का मी?"

"शिकवा," ती म्हणाली.

मास्तर वर्षभर तिथे राहिले. रेजीन काम संपवून यायची आणि मुलं शिकत असताना बाहेर कुडाशी बसायची. मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी ती देवळाच्या दारात उभी राहिली. मास्तर तिच्या शेजारी उभे राहिले. श्रद्धेचा अंगीकार सुरू झाला आणि रेजीन बाहेरून म्हणू लागली. असं म्हणतात, आतले आवाज एकेक करून थांबले आणि शेवटच्या ओळी तिने एकटीने म्हटल्या. स्वच्छ, न अडखळता. देवळावरची कबुतरंसुद्धा तेवढा वेळ हलली नाहीत.

मुलांना भाकर देऊन झाल्यावर फादरांनी दाराकडे बघितलं. एक भाकर हातात धरून ते थांबले. सगळं देऊळ थांबलं.

रेजीनने हात जोडले. पण ती आत गेली नाही. मास्तरांना म्हणाली, "तुम्ही जा. माझ्यासाठी थांबू नका आता." आणि मास्तर इतक्या वर्षांनी एकटे आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

पुढे ती कधी आत गेली का? कुणी म्हणतं, म्हातारपणी गेली. कुणी म्हणतं, नाही. आमच्या गावाला ते कळलेलं नाही.

मास्तर सांडोळला परतले आणि आणखी बरीच वर्षं जगले. ते गेले त्या दिवशी भरती दुपारपासून संध्याकाळपर्यंत उतरलीच नाही, असं म्हणतात. दूरदूरच्या गावांतली, त्यांनी शिकवलेली माणसं होड्यांनी थेट देवळाच्या पायरीपर्यंत आली.

आज सांडोळला पूल आहे, मोठी शाळा आहे, धर्म शिकवायला सिस्टर आहेत आणि गावातल्या बाया आहेत. पण पहिल्या कम्युनियनच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे आजही परीक्षा होत नाही. त्या दिवसाला बस्त्यावमास्तरांचा शनिवार म्हणतात. सकाळी मुलं गावातल्या आजाऱ्यांकडे जातात आणि पेज करून भरवतात. दुपारी शिकवणाऱ्या बाई प्रत्येक मुलाच्या घरी जातात. मुलाला खुर्चीवर बसवतात, स्वतः जमिनीवर बसतात आणि विचारतात, "बाळा, वर्षभरात माझं काही चुकलं का?"

बहुतेक मुलं लाजून मान हलवतात. एखादं मात्र म्हणतं, "हो बाई, चुकलं." मग त्या मुलाचं बोलणं संपेपर्यंत बाईंनी मध्ये बोलायचं नाही आणि उठायचंही नाही. मूल अडखळलं तरी, कितीही वेळ लागला तरी.