कोंडाक्काची ओली घोंगडी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, ती घडली तेव्हा माझा पणजोबाही जन्मला नव्हता, पण म्हणून काय झालं.

फार वर्षांपूर्वी धोंडमाळावर सलग तीन सालं पाऊस पडला नाही. माळ इतका कोरडा, की वाळवंटानं यावं आणि शिकून जावं. तिथं सात मेंढपाळ घरांचा तळ अडकून पडला होता. पुढं पाणी नव्हतं, मागचं आटलं होतं. ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून दिवसाला सात घागरी निघायच्या, घराला एक. मेंढरांना जीभ ओली करण्यापुरतंच मिळायचं. रोज दोन-चार आडवी व्हायची.

तळाच्या कडेला, ओघळीपलीकडं, कोंडाक्का नावाची एकटी म्हातारी राहायची. तिची मेंढरं बावीस. त्यातलं एकही मेलं नाही. इथंच संशय शिरला.

मेंढपाळ लेंडीवरून मेंढराचं सगळं ओळखतो. तळाचा म्होरक्या सटवा. त्यानं कोंडाक्काच्या मेंढराची लेंडी बोटांत चुरडली. ओलसर. स्वतःच्या मेंढराची चुरडली, तर भुकटी उडाली. मग त्यानं म्हातारीच्या घोंगडीला हात लावला.

"आक्का, घोंगडी कशानं भिजली गं?"

"घाम आला."

"पूस म्हैन्याच्या थंडीत?"

"म्हाताऱ्या माणसाला येतो."

त्या दिवसापासून सगळे तिच्यावर नजर ठेवू लागले. तिची मडकी हुंगली, गाठोडं उसकटलं, अंबाडासुद्धा सोडून बघितला, असं म्हणतात. काही सापडलं नाही, तेव्हा ते एकमेकांकडे बघू लागले. कुणी जरा जास्त थुंकला, तरी याच्या तोंडात एवढी थुंकी आली कुठून, म्हणून चार माना वळायच्या.

शेवटी सटवाची घंटेची मेंढी, जिच्या मागं सगळा कळप चालायचा, ती खाली बसली ती उठेना. सटवा म्हातारीकडं गेला.

"उद्या पाणी दाव. न्हाईतर तळ हलंल, आन् तू हितंच ऱ्हाशील."

त्या माळावर एकटं राहणं म्हणजे मरणं. हे तिला सांगायला नको होतं.

"दावते," कोंडाक्का म्हणाली. "पर दिस उगवायच्या आत वाघूर सोडा."

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. दव वाळल्याशिवाय ती सोडायची नाही, हा बापजाद्यांचा नेम. दवाचं गवत खाल्लं की मेंढराच्या पोटात किडा होतो. नेम मोडणाऱ्याला तळातून हाकलत. म्हणून तर म्हातारी गप्प होती.

"समद्यांची मेंढरं मारतीस व्हय?"

"किड्यानं मरायला पावसाळा लागंल. तहानंनं तर आजच मरत्यात."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला वाघूर सुटली. मेंढरं वाळकं गवत चाटत सुटली. कोंडाक्कानं घोंगडी गवतावरून फरफटत नेली आणि मेंढरांना पाणी पाजायच्या डोणीवर पिळली. सटवा तेव्हाही वाकून, घोंगडीत पाण्याची पखाल लपवलीय का, ते बघत होता. डोण काठोकाठ भरली. नऊशे मेंढरं प्याली तरी घोंगडी गळतच होती, असं म्हणतात. ती धार ओढ्याला जाऊन मिळाली, आणि सटवाची मेंढी उठून घंटा वाजवत चालू लागली.

आता तिथं गाव आहे, नळही आहेत. तरी पौषात घराघरातून एक घोंगडी माळावर ओढतात आणि चावडीपुढं, सगळ्यांच्या देखत पिळतात. घरात नेऊन कुणी पिळत नाही. आणि निघालेलं पाणी पाजायचं ते शेजाऱ्याच्या जनावराला.

नऊशे मेंढरांचं मी घातलं, कबूल. ओढ्याचंही माझंच. घोंगडीतून निघालं ते तांब्याभर पाणी, जास्त नाही. पण तो तांब्या तिनं स्वतःच्या मेंढरांना न दाखवता सटवाच्या मेंढीच्या तोंडाला लावला. तेवढं मी रचलेलं नाही. मला सुचलंच नसतं.