घराण्यातला सुटलेला शब्द

“आणि बेनेडिक्शन?”

“आशीर्वाद! भलं बोलणं! आणखी विचारा नं भन्तेजी, कोणताही विचारा!”

सुगत रामटेके नाचायचाच काय तो बाकी होता. दुसऱ्या दिवशी स्पर्धा परीक्षा होती. वयोमर्यादा संपत आलेली, त्यामुळे ही शेवटचीच. मागच्या खेपेला इंग्रजी शब्दांनीच त्याला आपटलं होतं. आज मात्र पठ्ठ्या खुशीत होता, कारण शब्दांचं एक अख्खं घराणं त्याच्या मुठीत आलं होतं.

भन्तेजी विहाराच्या ओट्यावर बसून अभ्यासिकेतल्या फाटक्या पुस्तकांना खळ लावत होते, कव्हरं चढवत होते. भिक्षूचं चीवर घेण्याआधी ते शाळेत इंग्रजी शिकवायचे.

“बेनेव्होलंट?”

“दुसऱ्याचं भलं चिंतणारा!”

“बेनिफॅक्टर?”

“भलं करणारा. उपकारकर्ता!”

“बेनिफिशरी?”

“ज्याचं भलं झालं तो. लाभार्थी!” सुगतनं टाळीच वाजवली. “बी, ई, एन, ई! ही चार अक्षरं सुरुवातीला दिसली की समजायचं, आत काहीतरी भलं हाये. हे घराणं आपल्या अभ्यासिकेत कोणालेच येत नाही भन्तेजी. फक्त मले!”

“कोणालाच नाही?”

“कोणालेच नाही!”

भन्तेजींचा हात थांबला.

त्या अभ्यासिकेची एक रीत होती. सकाळी वंदना झाली की भन्तेजी प्रत्येकाला एक शब्द द्यायचे. संध्याकाळपर्यंत तो शेजारच्या खुर्चीला द्यायचा आणि तिचा आपण घ्यायचा, मगच घरी जायचं. परीक्षा जवळ आली तशी सुगतनं आपली खुर्ची कोपऱ्यात ओढली, भिंतीकडं तोंड करून. शेजारच नको, म्हणजे देणंघेणंही नको!

“विशाखानं मागितले होते ना तुला हे शब्द?”

विशाखा गेडाम म्हणजे त्याच्या जुन्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी. सुगत जरासा चपापला.

“मागितले होते… मी म्हटलं, अजून पाठ नाही झाले.”

“झाले होते?”

“झाले होते. पण भन्तेजी, तीबी त्याच परीक्षेले बसली हाये! माझे शब्द तिले देले, तर माझा नंबर खाली नाही का जाणार?”

हिशेब चोख होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि भन्तेजींनी ती काढलीही नाही.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण या घराण्यातला एक शब्द तुझ्या हातून सुटला.”

सुगतच्या तोंडचं पाणी पळालं.

“कोणता?”

भन्तेजींनी कव्हराची घडी नखानं दाबली. दुसरी घडी घातली…

“कोणता, भन्तेजी?”

“नाही सांगत.”

“काहून?”

“तुझा नंबर वर जाईल. दुसऱ्या कुणाचा तरी खाली येईल.”

सुगतला हसावं की रडावं कळेना.

“मजाक नका करू जी! उद्या पेपर हाये. नेमका तोच आला तर?”

“येऊ शकतो.”

“मंग मी काय करू?”

“सकाळी विशाखाला दिलाय तो. तिच्याकडं माग.”

…

मागायचं, आणि तेही विशाखाकडं! जिला आपण तोंडावर खोटं सांगितलं तिच्याकडं! सुगतला मनापासून लाज वाटली. पण पेपर उद्यावर होता. लाज काय, परवाही वाटून घेता आली असती.

तो अभ्यासिकेत गेला. गेला तसाच धावत बाहेर आला. उंबऱ्याला ठेच लागली, तिकडं त्याचं लक्षही नव्हतं.

“बेनेफिसन्स!” तो ओरडला. “बेनेफिसन्स, भन्तेजी! सापडला! घराणं पुरं झालं!”

“छान. अर्थ?”

सुगतनं कपाळावर हात मारला.

“अर्थ… अर्थ इचारायचा राह्यला! तिनं शब्द सांगितला अन् मी तसाच पळत आलो. थांबा, आत्ता इचारून येतो!”

“थांब. तू नाही म्हटल्याचं तिच्या लक्षात होतं?”

“हाव.” सुगतनं मान खाली घातली. “म्हणे, झाले का तुझे पाठ? अन् हसली.”

“मग?”

“मंग… देला. लगेच देला. स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवला अन् दोनदा म्हणून दाखवला, माझा चुकू नये म्हणून.”

“बदल्यात काय मागितलं?”

सुगतची सगळी धावपळ, सगळा जोश एकदम कुठं गेला कोण जाणे. डोळे भरून आले तेवढे त्याला लपवता आले नाहीत.

“काहीच नाही, भन्तेजी.”

भन्तेजींनी पुढचं पुस्तक ओढलं. खळीत बोट बुडवलं.

“मग अर्थ विचारायचा राहिला कुठं?”