वाढलेलं गवत

निवृत्त इंजिनिअर कारखानीस साहेबांनी फर्मान काढलं, "गवत कापायचं मशीन दहा वर्षं टिकतं. आपलं बावीस वर्षांचं झालं. उद्या भंगारात टाका." माळीणबाई शेवंताने मशीनवरून फडकं फिरवलं. नवऱ्याच्या माघारी ती तेच मशीन चालवायची, दर सोमवारी तेल घालायची.

दुसऱ्या दिवशी दुकानदार नवंकोरं मशीन घेऊन आला. बंगल्याच्या हिरवळीवर त्याने दोन फेऱ्या मारल्या, पण एक काडी कापली जाईना. घाम पुसत तो म्हणाला, "साहेब, मशीनची करामत दाखवायला जरा वाढलेलं गवत लागेल."

"शेवंताबाई, वाढलेलं गवत कुठे आहे?"

"कुठेच नाही, साहेब. या म्हाताऱ्या मशीनला महिनाभर सुट्टी द्या, मग हवं तेवढं वाढेल."

साहेबांनी खाली वाकून जुन्या मशीनशेजारची तेलाची बुधली उचलली आणि तिच्या हातात दिली.