उंबराखालचा ढीग

एका जंगलाच्या टोकाला, जिथे झाडी संपून उघडा माळ सुरू होतो, तिथे जुन्या उंबराच्या मुळाशी एक उंदरीण चार पिल्ले घेऊन राहायला आली. बाळांनो, जागा काही तिने हौसेने निवडली नव्हती. चांगली बिळे इतरांनी आधीच धरली होती. उरले ते हे. वरच्या फांद्यांवर खारींची वस्ती. त्या दिवसभर खात आणि साली, टरफले, किडकी उंबरे खुशाल खाली टाकत. मुळाशी राहणारे उंदीरही आपला केर तिथेच लोटत. ढीग पार बिळांच्या तोंडाशी आला होता.

उंदरीण मोठी टापटिपीची. केर तोंडात धरून ती माळापलीकडच्या खड्ड्यात टाकून येई. शेजारचा म्हातारा उंदीर म्हणे, "चार दिवस करशील, बाई. आम्हीही करून पाहिलंय." पाचव्या दिवशी माळावर एक सावली सरकली. उंदरीण जीव मुठीत धरून पळाली, तरी घारीच्या नखाने शेपटीचे टोक नेलेच. आपण गेलो असतो तर पिल्लांना कोणी पाहिले असते, या विचाराने तिने पिल्लांना पोटाशी ओढून घेतले. त्या दिवसापासून तिनेही केर दाराशीच लोटला. आधी लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. एवढ्या घाणीत आपली चार टरफले कोणाला दिसणार!

"शी! तुम्हा उंदरांना घाणच आवडते," वरून एक खार नाक मुरडून म्हणाली आणि हातातली साल तिने खाली भिरकावली.

ढिगात किडे झाले, किड्यांमागे बेडूक आले आणि बेडकांमागे एके सकाळी धामण आली. ती दिसत नव्हती. नुसता ढीग सरसरत होता, कधी इथे, कधी तिथे. पिल्ले आईच्या पोटाखाली शिरली. बाहेर जावे तर घार, आत राहावे तर दाराशी हे! शेजारच्या बिळातून म्हाताऱ्याचे चीं चीं ऐकू आले आणि मध्येच थांबले. दुसऱ्या दिवशी धामण खोडावर चढू लागली. उंदरीण बिळातून वरच्या खारीला ओरडली, "ताई, पिल्लं उचल! धामण वर येतेय!"

खारीने आपली पिल्ले कशीबशी शेंड्याच्या बारीक फांदीवर नेली. धामण परत ढिगात शिरली. खार वरून ओरडली, "हा ढीग आजच्या आज उचला!"

"उचलते. पण माळ कसा ओलांडू, ताई? घार डोक्यावर आली तरी आम्हाला खालून कळत नाही."

खारीने हे कधी विचारलेच नव्हते. तिने मान वळवून माळाकडे पाहिले. मग शेंड्यावर जाऊन म्हणाली, "निघ तू. मी बघते."

खारींनी वरून केर टाकणे थांबवले. त्या पाळीपाळीने पहारा देऊ लागल्या. "घार!" अशी हाक आली की उंदीर गवतात दडत. कडेकडेने ढीग कमी झाला आणि आठव्या दिवशी लपायला जागा न उरल्याने धामण निघून गेली. माळावर पाऊल टाकताना उंदरिणीला अजूनही भीती वाटते. पण ती जाते, कारण वरून आता कोणीतरी बघत असते.

तात्पर्य : दुसऱ्याच्या दारातल्या घाणीला नावे ठेवण्याआधी त्याची वाट किती भीतीची आहे आणि त्या घाणीत आपला हात किती आहे, ते पाहावे.