सावरडोहचा थांबा

तुम्ही उभे आहात तो दगडी ओटा म्हणजे आमच्या सावरडोहचा रेल्वेथांबा. रूळ कधीच उखडून नेले. पण गावात कोणी गेलं की स्मशानाआधी तिरडी इथं टेकवायची, आणि काही वेळ थांबायचं. ही चाल पुनाबाईपासून पडली, असं सांगतात.

पुनाबाई गावची सुईण. त्या काळी इथून छोटी पॅसेंजर जायची. दवाखान्याला जायला दुसरा मार्ग नव्हता. माणसं गाव सोडू लागली तसा वरून हुकूम आला, थांब्यावर कोणी दिसलं तरच गाडी थांबवायची. त्याच साली पुनाबाईची लेक बाळंतपणात अडली. मूल आडवं आलेलं. आईचे हात चालेनात. दवाखान्यात न्यायला निघाले, तर बैलगाडी ओढ्यात फसली. इकडे ओटा रिकामा दिसला म्हणून पॅसेंजर न थांबता निघून गेली. मागाहून कशीबशी पोचलेली लेक याच ओट्यावर गेली, पोटातल्या जिवासकट.

तिला पोचवून आल्यावर पुनाबाई म्हणाली म्हणे, "आता ह्या ओट्यावर कोणी नाही, असं गाडीले दिसणार नाही."

तेव्हापासून ती रोज इथं उभी राहून हात दाखवायची. गाडी थांबे, पण ती चढत नसे. ड्रायव्हर वैतागला. "बाई, जायचं नाही तर हात कशाला दाखवता?"

"मागून कोणी येत असन, बापा. जराक थांब."

तो थांबायचा. त्या थांबण्यानं कितीतरी जीव वाचले.

पुढं ती तापानं फणफणली. तरी काठी टेकत आली आणि दिव्याच्या खांबाला टेकून बसली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. तिचा हात वर झाला नाही, म्हणून तो खाली उतरला. अंग थंड पडलं होतं. तो टोपी काढून उभा असतानाच वाटेवर धुरळा उठला. साप चावलेल्या एका बाईला घेऊन बैलगाडी येत होती. ती बाई त्याच पॅसेंजरनं दवाखान्यात पोचली आणि जगली, असं सांगतात.

पॅसेंजर तरीही बंद झाली. चढणारं कोणी नाही, एवढंच कारण दिलं. डोंगरापलीकडच्या मोठ्या लाइनीवर अजून गाडी थांबते. तिथं शाळा भरते, नवी घरं उठतात. आमची पोरं तिकडंच राहायला गेली.

इथं आम्ही म्हातारेच उरलो. तिरडी या ओट्यापर्यंत बैलगाडीतून येते. पुढं स्मशानाची चढण आहे, तिथं खांदेच लागतात, आणि ते पुरत नाहीत. म्हणून आजकाल पलीकडून कोणी येईस्तोवर आम्ही मढ्याजवळ बसून राहतो.