दिवा लावलेल्या पेशी

पेशींना वाचा होती तेव्हाची गोष्ट. गोदाक्कांना तीन महिने ताप होता, पण दुखणं नेमकं कुठे लपलंय ते कुणालाच सापडत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्या रक्तातल्या थोड्या पांढऱ्या पेशी काढल्या, त्यांना किरणोत्सारी खूण लावली आणि परत शिरेत सोडल्या.

"अंगावर दिवा बांधून कुणी लढायला जातं का?" धाकटी पेशी फणफणली. "जंतू हसतील मला!"

"हसू देत. तू आपली नेहमीच्या कामाला लाग," थोरली म्हणाली.

जंतूंची चाहूल लागताच धाकटी रुसवा विसरून धावली. बाहेर, ती खूण टिपणाऱ्या कॅमेऱ्यात डाव्या मांडीचं हाड उजळलं.

"सापडलं!" डॉक्टर ओरडले.

"बघितलंस? मी शोधलं!" धाकटी फुशारली.

थोरली हसली. "अगं, आपली फौज तीन महिने इथंच लढतेय. आज फक्त ती कुणाला तरी दिसली."