वजनावर मोजलेली मतं

सांगतो, पण मध्ये कुणी बोललं तर उठून जाईन. मला गोष्टी सांगायचा कंटाळा आहे, हे तुमच्या बाईंना शंभरदा सांगून झालं. ऐका आता.

एका जंगलात गव्यांचा कळप आणि वानरांची टोळी यांचं मिळून एक क्रीडा मंडळ होतं. गवे बेलफळ लाथाडत फुटबॉल खेळत. वानरं मैदानाच्या कडेच्या उंबरावर सुगरणीचं बूड फाटलेलं घरटं टांगून त्यात फळं टाकत. ते त्यांचं बास्केटबॉल. अध्यक्ष होता कोल्हा. त्याला दोन्ही खेळ येत नव्हते, म्हणून तर अध्यक्ष.

टोळीतल्या म्हाताऱ्या वानरीचा जीव त्या उंबरात होता. तिची पोरं, नातवंडं त्याच्याच फांद्यांवर उड्या मारायला शिकली. आणि गव्यांच्या म्होरक्याला नेमकं तेच झाड खुपत होतं. बैठकीत तो म्हणाला की, सगळं रान जमतं ते आमच्या फुटबॉलसाठी, वरच्या माकडचेष्टांसाठी नाही. झाड पाडा आणि मैदान वाढवा. वानरीनं मतं घ्यायला लावली. तिची टोळी मोठी, त्यामुळे ती निर्धास्त होती.

"डोकी कसली मोजता?" गवा म्हणाला. "मतं वजनावर मोजा."

कोल्ह्यानं त्याच्या शिंगांकडे एकदा पाहिलं आणि नियम तसाच आहे असं जाहीर केलं.

"हा नियम कधी झाला, अध्यक्षसाहेब?"

"आत्ताच. बस खाली, म्हातारे."

दुसऱ्या दिवशी गव्यांनी धडका देऊन उंबर आडवा केला. वानरीनं घरटं तेवढं सोडवून घेतलं आणि सगळी टोळी घेऊन ती ओढ्यापलीकडच्या चिंचेवर गेली.

मग गव्यांनी मोठा सामना ठेवला. मैदान हे एवढं ऐसपैस, ऊन मी म्हणतंय, आणि बघायला काळं कुत्रं नाही. पोपट, खारी, साळुंक्या उंबरावर बसायच्या, हरणं-ससे त्याच्या सावलीला. खाली मुंडी घालून पळणाऱ्या गव्यांनी कधी वर बघितलंच नव्हतं. म्होरक्यानं झकास गोल मारला. एकट्या कोल्ह्यानं टाळी वाजवली, आणि चिंचेकडून प्रेक्षकांचा ओरडा ऐकू आला तसा तोही भाषण अर्धं टाकून तिकडे पळाला.

संध्याकाळी म्होरक्या चिंचेखाली येऊन उभा राहिला.

"आजी," तो शेपटीनं माश्या वारत म्हणाला, "इथं शेजारी आम्ही खेळलो तर चालेल का?"

"खेळा की. आमचा सामना संपला की तुमचा," वानरी म्हणाली. "पण मतं डोकी मोजून. आणि या कोल्ह्याला घेऊन जा, दुपारपासून अध्यक्षपद मागतोय."

तात्पर्य : ज्या झाडाखाली आपले प्रेक्षक बसतात, ते आपल्या खेळाच्या आड येतं म्हणून पाडू नये. गावच्या मैदानाच्या बैठकीत मी हेच सांगायला उठलो, तर अध्यक्षानं हाताला धरून मला खाली बसवलं. माफी अजून मागितलेली नाही त्या निवृत्ती खराट्यानं.